आई-बाबांना घेऊन क्रूझ: तिकीट काढण्याआधी आणि काढल्यावर

अमेरिकेत राहता आणि आई-बाबांना क्रूझवर, म्हणजे मोठ्या जहाजाच्या सहलीवर, न्यायचं आहे, तर दर बघायच्या आधी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर काढून ठेवा. क्रूझचं सगळ्यात स्वस्त भाडं बहुधा परत न मिळणारं असतं, आणि व्हिसात खोट निघाली की ते पाण्यात जातं. पासपोर्टला परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक हवेत. मग अमेरिकेचा व्हिसा बघा. एच-वन (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-फोरवर (त्याच्या कुटुंबाचा) असाल आणि स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत, संपलेलं असेल, तर बहामाजची तीन रात्रींचीसुद्धा क्रूझ घेऊ नका. ‘ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन’ (संपलेल्या व्हिसावरही परत आत येऊ देणारी सवलत) आहे ना, असं कोणीतरी सांगतंच. ती सवलत एचवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, तीस दिवसांपर्यंतची आहे. कॅरिबियनची बेटं त्यात धरतात ती एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना. जहाज मेक्सिकोतल्या कोझुमेलला जाणार असलं तरी वाटेत बहामाजचं नासाऊ लागलं की संपलं, बंदरावरच बॅगा परत घ्याव्या लागतात.

अलास्काचा घोळ वेगळाच. सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारी बोट जवळपास नेहमी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, तेही कित्येकदा संध्याकाळचे चार तास. ते थांबणं शोभेचं नाही. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाने अमेरिकेतून फेरी काढली तर मध्ये एक परदेशी बंदर घ्यायलाच हवं, असं १८८६ चा कायदा सांगतो. म्हणजे खाली उतरायचं नसलं तरी भारतीय पासपोर्टवाल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि एच-वनवाल्यांनाही. ग्रीन कार्डवाल्यांना पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. कॅनडाच्या व्हिसाला किती आठवडे लागतात ते आधी बघा, मग अलास्काच्या तारखा. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, हेही वाचून घ्या, आणि क्रूझहून परतल्यावर त्यांच्या आय-९४ वरची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवरची) तारीख तपासा.

आता किंमत. २०२१-२२ मध्ये ज्यांनी अर्ध्या रिकाम्या बोटींवर मातीमोल भावात केबिन मिळवली, त्यांच्या आठवणींवर आजचं बजेट बांधू नका. मार्च २०२० मध्ये बंद झालेला धंदा अमेरिकेतून पुन्हा सुरू झाला जून २०२१ मध्ये. मधल्या काळात कंपन्यांनी अब्जावधी डॉलरचं कर्ज उचललं आणि जुनी, लहान, स्वस्त जहाजं भंगारात काढली. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या फँटसी वर्गातल्या काही बोटी तुर्कस्तानात अलिआगाला तुटल्या. मुंबईहून गोव्याला जाणारी ‘कर्णिका’ बोट २०२० मध्ये गुजरातेतल्या अलंगला भंगारात गेली. पुढे गर्दी परतली आणि जहाजं शंभर टक्क्यांच्या वर भरू लागली. एका केबिनमध्ये दोन माणसं असा हिशेब धरतात, तिसरं-चौथं चढलं की आकडा शंभरच्या पुढे जातो. बोट अशी भरत असताना शेवटच्या घटकेला भाव पाडायची कंपनीला गरजच उरत नाही.

म्हणून तुलनेसाठी जाहिरातीतला आकडा धरू नका, सगळं धरून दर माणशी दर रात्री किती पडतं ते काढा. समजा दोघांची सात रात्रींची, खिडकी नसलेली केबिन माणशी ७०० डॉलरला दिसते. म्हणजे रात्रीला १००, असं वाटतं. भाडं झालं १,४००. बंदराचे कर आणि फिया माणशी दीडशे धरल्या तर ३००. टिप, म्हणजे ग्रॅच्युइटी, माणशी रोज साडेअठरा डॉलर धरली तर २५९. एका फोनपुरतं वायफाय रोज २५ प्रमाणे १७५. बंदरावरचं पार्किंग रोज २५ धरलं तर २००, कारण रात्री सात असल्या तरी पार्किंगवाले दिवस आठ मोजतात. बेरीज २,३३४, म्हणजे माणशी रात्रीला १६७ च्या आसपास. बंदरावरची सहल, दारू, फोटो यातलं अजून काहीच धरलेलं नाही. जुलै २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाचा कायदा आल्यापासून मोठ्या कंपन्या कर धरूनच किंमत दाखवतात, त्यामुळे जुन्या पोस्टमधल्या आकड्याशी आजचा ताडून बघाल तर फसाल. टिप मात्र अजूनही बहुधा बाहेरच असते. करही हलत असतात. मेक्सिकोने जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रवाशांवर माणशी पाच डॉलर लावले आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवायचं ठरवलं आहे. ‘किड्स सेल फ्री’ म्हणजे मुलांचं फक्त भाडं माफ. कर पूर्ण, टिपही पूर्ण.

तारखांमध्ये हात थोडा सैल ठेवता आला तर खरा फरक तिथे पडतो. कॅरिबियनला जानेवारीचे पहिले दोन-तीन आठवडे, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आणि थँक्सगिव्हिंग ते नाताळ यांमधली फट हे स्वस्त दिवस. अलास्काला मे आणि सप्टेंबर. ऑगस्ट-ऑक्टोबर स्वस्त असतं ते वादळांमुळे. वादळ आलं तर जहाज बुडत नाही, वळतं. सेंट थॉमसऐवजी कोझुमेल दिसतं, आणि चुकलेल्या बंदराची फी सोडली तर काही परत मिळत नाही. आई-बाबांना बोटीवर बसूनच समुद्र बघायचा असेल तर हा सौदा वाईट नाही. शाळेत जाणारी मुलं असतील तर हा परिच्छेद विसरा आणि सुट्टीच्या तारखा वर्षभर आधी बुक करा.

बुकिंग करताना परत मिळणारं डिपॉझिट घ्या, थोडं महाग पडलं तरी. पुढची सगळी मेहनत त्यावर उभी आहे. क्रूझची पूर्ण रक्कम निघण्याच्या साधारण ७५ ते १२० दिवस आधी भरायची असते. त्या तारखेपर्यंत भाव उतरला तर तुम्ही किंवा तुमचा एजंट तोच प्रवास नव्या भावाने करून घेऊ शकता. म्हणून एका कागदावर बुकिंग नंबर, केबिनचं अक्षर-आकड्यांचं कोड, मिळालेलं ऑनबोर्ड क्रेडिट (बोटीवर खर्चायला मिळणारी रक्कम) आणि फायनल पेमेंटची तारीख लिहा, आणि आठवड्यातून एकदा तेच कोड उघडून बघा. ‘बाल्कनी’ एवढंच बघून उपयोग नाही, कोड तेच हवं. नवा भाव ८० डॉलरने कमी दिसतो आणि त्यात जुनं १०० चं क्रेडिट उडतं, असं वारंवार होतं. जानेवारी ते मार्चच्या ‘वेव्ह सीझन’मध्ये ऑफरांचा पाऊस असतो, तेव्हा ही तपासणी चुकवू नका. फायनल पेमेंट झाल्यावर भाव उतरला तर विचारून बघा, पण देणं न देणं त्यांच्या मर्जीवर.

एजंटकडून घेतलं तर कंपनी थेट तुमच्याशी बोलत नाही, प्रत्येक बदल एजंटमार्फतच. कॉस्टको ट्रॅव्हल प्रवास झाल्यावर शॉप कार्ड (कॉस्टकोच्या दुकानात खर्चायचं कार्ड) देतं, तेही हिशेबात धरा. आई-बाबांच्या केबिनला ५५ वर्षांवरचा सीनियर भाव आहे का, ते वेगळं विचारा. आपोआप लागत नाही. आणि कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन किंवा नॉर्वेजियन यांचे १०० शेअर खात्यात असतील तर सात रात्रींना केबिनमागे १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, मात्र आधी अर्ज करावा लागतो. त्यासाठी शेअर विकत घ्या असं इथे कोणी म्हणत नाहीये.

केबिन निवडताना चौघांनी एकाच बाल्कनीच्या केबिनमध्ये कोंबून घेण्याआधी समोरासमोरच्या दोन आतल्या केबिनचा भाव काढा. कधीकधी त्याच पैशात दोन बाथरूम मिळतात. संकेतस्थळ दोघांना केबिन दाखवतं आणि चौघांना ‘सोल्ड आउट’ म्हणतं, त्याचं कारण पलंग नसून लाइफबोट असते. जहाजाच्या प्रत्येक भागाला ठरावीक लाइफबोटी जोडलेल्या असतात, त्यातल्या जागा संपल्या की तिसरा-चौथा माणूस घेता येत नाही. आई-बाबांसाठी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, लिफ्टपासून जवळ केबिन घ्या. तिथे बोट कमी हलते. वर स्विमिंग पूल किंवा खाली थिएटर नको, पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त असते, पण नंबर कंपनी ठरवते, आणि दोन केबिन शेजारी मिळतील याची हमी नसते. अपग्रेडची बोली लावलीत तर दिसणारा आकडा माणशी असतो, कापला जातो दोघांचा.

शेवटच्या क्षणाचा सौदा अजून मिळतो, पण गाडीने बंदर गाठता येणाऱ्यांनाच. न्यू जर्सीवाल्यांना बेयॉन आणि ब्रुकलिन, ह्यूस्टनवाल्यांना गॅल्व्हस्टन. विमानाने फ्लोरिडाला जायचं असेल तर ऐनवेळचं तिकीट सगळी बचत खाऊन टाकतं. विमान कधीही आदल्या दिवशीचंच घ्या, बोट थांबत नाही.

दारूचं पॅकेज बहुतेक कंपन्यांत एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. बाबा घेत नसतील तर बुकिंग करतानाच घेणारे आणि न घेणारे वेगळ्या केबिनमध्ये टाका. रोज ७० डॉलरचं पॅकेज १८ टक्के टिप धरून ८२ डॉलर ६० सेंट पडतं. रोज सहा-सात पेले झाले तरच वसूल. वायफाय, पॅकेज हे सगळं घरूनच बुक करा, बोटीवर महाग असतं. निघेपर्यंत भाव उतरला तर रद्द करून परत घेता येतं.

विम्यावर कंजूषपणा नको. आई-बाबांचा व्हिजिटर विमा अमेरिकेबाहेर चालतो का, ते पॉलिसीत वाचा. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल जागेवर कार्डाला लागतं, आणि हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर रक्कम विचारू नका. इव्हॅक्युएशनचं कव्हर किमान एक लाख डॉलरचं हवं. जुने आजार धरून घ्यायचे असतील तर अमेरिकेत राहणाऱ्यांनी पहिलं डिपॉझिट भरल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आतच विमा काढावा, नंतर ते कलम मिळत नाही.

बॅगेत इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड नको, जप्त होतात. घरच्या डब्यातल्या चकल्या चढताना काढून घेतात. तोच चिवडा कारखान्याच्या सीलबंद पाकिटात चालतो. शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद दीड महिना आधी करा, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला परत सांगा. दुसऱ्या दिवशीचा मेन्यू तो आदल्या रात्री विचारून ठेवतो, मग वरण-भात, पनीर सहज मिळतं. बोटीवरची केळी-सफरचंदं परतताना पर्समध्ये ठेवू नका, कस्टम्सचा दंड होतो.

शेवटच्या रात्री झोपण्याआधी ॲपमध्ये खात्याचं बिल उघडून एकेक ओळ वाचा. न घेतलेली पाण्याची बाटली, दोनदा लागलेला फोटो तेव्हाच गेस्ट सर्व्हिसेसला दाखवा. सकाळी सातला तिथली रांग लिफ्टपर्यंत पोचलेली असते.