६६ गुण म्हणजे नेमके किती?

परीक्षेच्या निकालांचं विश्लेषण शिकायला कुणी नवीन आलं की मी सूत्र बाजूला ठेवते आणि दोन तुकड्यांचे गुण कागदावर लिहायला लावते.

अ तुकडी: ५४, ५८, ६०, ६२, ६६.
ब तुकडी: ४२, ५४, ६०, ६६, ७८.

सरासरी दोन्हीकडे ६०. दोन्हीकडे एकेकाला ६६ आहेत, म्हणजे सरासरीपेक्षा ६ जास्त. पण या दोन ६६ची किंमत सारखी नाही, आणि ते कळायला प्रमाण विचलन, म्हणजेच स्टँडर्ड डेव्हिएशन, लागतं: गुण सरासरीभोवती किती पसरलेत, याचं माप.

एकदा तरी ते हाताने काढाच. अ तुकडीत सरासरीपासूनचे फरक −६, −२, ०, २, ६. त्यांची बेरीज शून्यच येणार, म्हणून आधी वर्ग करायचे: ३६, ४, ०, ४, ३६. बेरीज ८०, पाचाने भागून १६, वर्गमूळ ४. ब तुकडीत हेच केलं की १२ येतं. (सगळ्या विद्यार्थ्यांचे गुण हातात नसून फक्त नमुना असेल, तर पाचाऐवजी चाराने भागतात.)

आता ६ला ४ने भागा: अ तुकडीतला विद्यार्थी सरासरीच्या दीड प्रमाण विचलन वर आहे. ब तुकडीतला जेमतेम अर्धा. या आकड्याला झेड स्कोअर म्हणतात. गुण घंटाकृती वक्रात, म्हणजे प्रसामान्य वितरणात, बसत असतील, तर दीडच्या खाली साधारण ९३ टक्के मुलं असतात, अर्ध्याच्या खाली साधारण ६९. केवढा फरक! पाच गुणांवरून वक्र ठरत नाही हे खरं, पण मोठ्या परीक्षेत हाच हिशेब चालतो. तिथे सुमारे ६८ टक्के मुलं सरासरीच्या एका प्रमाण विचलनाच्या आत असतात, ९५ टक्के दोनांच्या आत. बुद्ध्यंकाच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरतात, त्यामुळे १३० म्हणजे +२.

सोप्या पेपरला मात्र जपा. सरासरी ९२ आणि प्रमाण विचलन ८ असेल, तर १००पैकी १०० मिळवणाराही +१ वरच थांबतो. त्याला आणखी वर जायला पेपरात जागाच नाही. अशा निकालाला वरच्या टक्केवाऱ्या लावल्या, तर चांगल्या मुलांवर अन्याय होतो. म्हणून गुणांचा आलेख आधी काढा, झेड स्कोअर नंतर.