आईबाबा हायडेलबर्ग बघायला येतायत? मग आधी एवढी तयारी करून ठेवा

उन्हाळा लागला की इथे जर्मनीतल्या मराठी घरांतून एकेकाचे आईबाबा, सासू-सासरे यायला लागतात आणि सगळ्यांना हायडेलबर्ग दाखवायचं म्हणजे काय तर किल्ला, पूल, फोटो, आईस्क्रीम आणि परतीची ट्रेन. मला याचं खरंच वाईट वाटतं. हे गाव युनिव्हर्सिटीशिवाय कळतच नाही हो, त्यामुळे तयारीची सुरुवात बॅगेपासून नाही, आपल्या वाचनापासून करा. १३८६ साली स्थापन झालेली, आजच्या जर्मनीतली सगळ्यात जुनी युनिव्हर्सिटी, आणि तिच्या मुद्रेवर लिहिलंय 'सेम्पर आपेर्टुस', म्हणजे पुस्तक कायम उघडं. एवढं तरी त्यांना आदल्या रात्री जेवताना सांगून ठेवा.

बुटांचं आत्ताच बघा. जुन्या गावात सगळीकडे दगडी फरशा आहेत, नव्या चपला अजिबात नकोत. किल्ल्यावर पायऱ्यांनी नेऊ नका, कॉर्नमार्क्ट चौकापासून बेर्गबान म्हणजे डोंगरावर जाणारी छोटी रेल्वे आहे आणि किल्ल्याच्या तिकिटातच ती येते, शिवाय मोठं पिंप आणि औषधांचं म्युझियमपण त्यातच. ते पिंप १७५१ चं, जवळजवळ २ लाख २० हजार लिटरचं, शेतकरी कर म्हणून जी वाइन आणून द्यायचे ती त्यात ओतायचे, हे सांगितलं की सगळे थांबून बघतात. आणि किल्ला असा पडका का हा प्रश्न येणारच, तर उत्तर तयार ठेवा: फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला, नंतर दुरुस्ती चालू असताना १७६४ मध्ये वीज पडली. दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब नाही, त्यातून हे गाव बरंचसं वाचलं.

रविवारी यायचं असेल तर दूध, दही, ब्रेड शनिवारीच आणा, रविवारी दुकानं बंद असतात. डबा घरूनच न्या, पोळी-भाजी नेकारविझंवर म्हणजे नदीच्या पलीकडच्या हिरवळीवर बसून खाता येते आणि तिथून पूल नि किल्ला दोन्ही समोर दिसतात. फिलॉसॉफेनवेगची वाट सुंदर आहे पण पुलाजवळून वर जाणाऱ्या श्लांगेनवेगला चढ फार, गुडघे दुखणाऱ्यांना हिरवळीवरच बसू द्या. तिथून समोर, नदीच्या गावाकडच्या किनाऱ्याच्या एका भागाला कवी इक्बाल यांचं नाव दिलेलं आहे, ज्यांचं 'सारे जहाँ से अच्छा' आपण शाळेत म्हणत आलो तेच, १९०७ मध्ये ते इथे जर्मन शिकायला राहिले होते.

आता युनिव्हर्सिटी, इथे मात्र वेळ काढाच, किमान दोन तास. जुन्या इमारतीच्या मागे कार्झर आहे, विद्यार्थ्यांचा तुरुंग. दारू पिऊन रात्री गोंधळ घालणाऱ्यांना युनिव्हर्सिटीच कोंडायची, अगदी १९१४ पर्यंत, आणि त्यांनी भिंती नि छत चित्रांनी भरून टाकलंय. उघडा आहे का आणि वेळ काय ते आदल्या दिवशी साइटवर बघून घ्या. मग युनिव्हर्सिटीच्या चौकातच नवी इमारत, दारावर लिहिलंय 'जिवंत प्रज्ञेस'. नाझींच्या काळात तिथे 'जर्मन प्रज्ञेस' केलं होतं, आणि याच चौकात १७ मे १९३३ ला पुस्तकं जाळली. हे सांगताना घाई करू नका, मी दरवेळी तिथे पाच मिनिटं शांत उभी राहते.

माझे बाबा केमिस्ट्री शिकवायचे, त्यांना हाउप्टश्ट्रासं या मुख्य रस्त्यावरच्या बुन्सेनच्या पुतळ्यापाशी उभं केलं तर फोटो सोडून त्यांचा तासच सुरू झाला, बुन्सेन आणि किर्शहोफ यांनी प्रकाशाच्या वर्णपटावरून सिझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्यं इथेच शोधली, १८६० आणि १८६१ मध्ये. तुमच्याकडच्या पाहुण्यांना काय आवडतं ते आधी विचारा, त्याप्रमाणे गोष्टी निवडा. पुस्तकवेडे असतील तर हायलिगगाइस्ट चर्च, तिथल्या गॅलऱ्यांमध्ये बिब्लिओथेका पालाटिना ही ग्रंथसंपदा होती, तीस वर्षांच्या युद्धात ती लुटली गेली आणि १६२३ मध्ये खेचरांवर लादून आल्प्सपलीकडे रोमला गेली, १८१६ मध्ये ८४७ जर्मन हस्तलिखितं परत आली. बाकीची इथल्या लायब्ररीने आता डिजिटल करून एकत्र आणलीत, हे ऐकून मला दरवेळी भरून येतं.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास सांगायचीच. इथल्या युनिव्हर्सिटीत १९६२ पासून साउथ एशिया इन्स्टिट्यूट आहे, तिथे गुंथर सोन्थायमर शिकवायचे, जे महाराष्ट्रात धनगरांबरोबर फिरले, खंडोबा, बिरोबा, ओव्या सगळं ऐकून लिहून घेतलं, १९९२ मध्ये गेले. माझ्या सासऱ्यांचं कुलदैवत खंडोबा, त्यांना हे किल्ल्यावर सांगितलं तर म्हणाले, 'अगं मग आधी तिथेच न्यायचं होतंस ना.' पण तो रविवार होता आणि दार बंद, म्हणून शक्य असेल तर मंगळवार-बुधवारच धरा.