पोरं रात्री गोंधळ घालतायत? कौन्सिलला असं गाठा
नुसती तक्रार घेऊन जाऊ नका, आधी आठवडाभर बघा पोरं कुठे, किती वाजता जमतात, बहुतेकदा मैदानाला कुलूप लागलं की मगच, हातात बॉल तसाच असतो. त्यांनाच विचारा काय हवंय, मोठ्यांनी परस्पर ठरवलेल्या शिबिराला ती फिरकत पण नाहीत. मग नेमकं मागा: शुक्रवार-शनिवार रात्री हॉल उघडा, फी नको, आणि दर वेळी तोच युथ वर्कर (पोरांसोबत काम करणारा कार्यकर्ता) पाहिजे, चेहरा बदलला की विश्वास गेला! आइसलँडमध्ये १९९८ ला १५-१६ वर्षांची ४२ टक्के पोरं महिन्याभरात कधीतरी दारू पिऊन झिंगलेली, २०१६ ला फक्त ५ टक्के, तिथे क्लबच्या फीला पालिकेने हातभार लावला, पालकांनाही सोबत घेतलं. नजर ठेवायला कॅमेरे लावायचं नंतर बघू.