सूर्याचा राशींमधला वार्षिक प्रवास शिकवताय? या चुका टाळा

आठवीच्या वर्गात विचारा, "१४ जानेवारीला सूर्य कोणत्या राशीत असतो?" "मकर" हे उत्तर लगेच येतं. "कशावरून?" म्हटलं की वर्ग गप्प. बारा नावं आणि तारखा पाठ झालेल्या असतात, पण सूर्यामागे तारे आहेत हे कळायचं कसं, याचा पत्ता नसतो. दिवसा ते दिसत नाहीत, त्यामुळे सूर्याचं स्थान रात्रीच्या आकाशावरून काढावं लागतं. हे काढायला न शिकवणं हीच मुळातली चूक.

तक्ता आधी, आकाश नंतर

क्रम उलटा ठेवा. सोलापुरात ढग नसण्याचा भरवशाचा काळ नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात हा विषय काढला तर फळ्यापलीकडे काही जाणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये वृषभेतला कृत्तिकांचा पुंजका निवडा. तो शहराच्या उजेडातही सापडतो. पश्चिम मोकळी असलेली गच्ची किंवा माळवद पुरेसं आहे. हात ताठ समोर धरला की एका मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत उंची मोजायची.

सोलापुरात रात्री बरोबर ८ वाजता कृत्तिका १ मार्चला सुमारे ५५ अंशांवर असतात, २१ मार्चला ३७, ५ एप्रिलला २३ आणि २० एप्रिलला जेमतेम १० अंशांवर, म्हणजे एक मूठ. मुलांचे आकडे दोन-तीन अंशांनी इकडेतिकडे होतील. उतरण लपत नाही.

इथे हमखास बिघडणारी गोष्ट म्हणजे वेळ. "अंधार पडल्यावर मोजा" असं सांगू नका. १ मार्च ते २० एप्रिलमध्ये इथला सूर्यास्त सुमारे १२ मिनिटं पुढे सरकतो आणि आकाश ४ मिनिटांत १ अंश फिरतं. म्हणजे ३ अंशांची चूक तिथेच झाली. घड्याळात ८ म्हणजे ८.

आता खरा आनंदाचा भाग. २० एप्रिलला सूर्य ६.४५ च्या सुमारास मावळतो. ८ वाजेपर्यंत तो क्षितिजाखाली अंदाजे १९ अंश गेलेला असतो, कृत्तिका वर १० अंश. दोघांत उरले सुमारे ३० अंश. सूर्य ताऱ्यांमधून रोज साधारण १ अंश पूर्वेकडे सरकतो, तर तो कृत्तिकांपाशी कधी पोचेल? मुलं स्वतः "२० मेच्या आसपास" म्हणतात, आणि ते बरोबर असतं. मे अखेरीस सूर्य वृषभेत का, हे मग पाठ करावं लागत नाही. जूनच्या मध्यानंतर ढगांनी संधी दिली तर कृत्तिका पहाटे पूर्वेला दाखवा. सूर्य त्यांना ओलांडून पुढे गेल्याचा तो पुरावा.

याच वेळी एक घोळ निस्तरून घ्या. सूर्य रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो ते पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे. वर्षभरात तो ताऱ्यांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना दिसतो ते तिच्या सूर्याभोवतीच्या फेरीमुळे. दोन्ही एकाच तासात शिकवलं तर निम्मा वर्ग दिशा उलट लिहितो. निदान एक दिवस मध्ये जाऊ द्या.

वर्गातली प्रतिकृती उलटी लागते

तारखा आणि राशी लिहायला कागदाची लांब पट्टी घ्या, एका दिवसाला ५ सेंटीमीटर. ३६५ दिवसांची पट्टी १८.२५ मीटर होते आणि तिचं वर्तुळ सुमारे ५.८ मीटर व्यासाचं. खुर्च्यांना सुतळी बांधून मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. मागे गडद सोलापुरी चादरी टांगल्या की पांढरे तारे उठून दिसतात.

पट्टीवर तारखा डावीकडून उजवीकडे लिहिल्या की सगळं फसतं. वर्तुळाच्या आत उभं राहून बाहेर पाहिलं तर राशी उजवीकडून डावीकडे पुढे जायला हव्यात: मकरेच्या डावीकडे कुंभ, कुंभेच्या डावीकडे मीन. पृथ्वी झालेला विद्यार्थी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चालतो. तपासणी सोपी आहे: मधल्या सूर्यामागे मकर दिसत असताना तो महिनाभराचं अंतर पुढे गेला की कुंभ यायला हवी. धनु आली तर पट्टी किंवा चालण्याची दिशा उलटी आहे.

पृथ्वीचं वर्तुळ मोठं आखू नका. ५० सेंटीमीटर त्रिज्या पुरे. ते दीड मीटरचं केलं तर सूर्यामागची रास बरोबरच येते, पण सूर्यास्ताला डोक्यावर असणारी रास जवळजवळ एका राशीने घसरते. शिक्षक मग पट्टीत चूक शोधत बसतात.

मध्ये आधी पिवळा चेंडू ठेवा. प्रवास समजला की त्याच जागी ९ वॉटचा एलईडी बल्ब लावा: झगझगाटात मागची रास वाचता येत नाही. दिवसा तारे का दिसत नाहीत, ते तिथेच कळतं. आणि खऱ्या सूर्याकडे पाहून काही ताडायचं नाही, हे त्याच क्षणी ठामपणे सांगा.

बारा समान तुकडे आणि संक्रांत

राशी म्हणजे क्रांतिवृत्ताचे, म्हणजे सूर्याच्या ताऱ्यांमधल्या वार्षिक वाटेचे, ३० अंशांचे समान भाग. तारकासमूह समान नसतात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने ठरवलेल्या सीमांनुसार सूर्य कन्या समूहात सुमारे ४५ दिवस असतो, वृश्चिकात जेमतेम ७, आणि मग ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबरच्या सुमारास भुजंगधारीत. पट्टीवर कन्या सव्वादोन मीटर येते आणि वृश्चिक ३५ सेंटीमीटर. तारकासमूहांची पट्टी करताना बारा सारखे चौकोन आखू नका, भुजंगधारी गाळू नका.

याच सीमांनी पाहिलं तर १४ जानेवारीला सूर्य धनु समूहात असतो. मकर समूहात तो २० जानेवारीच्या सुमारास शिरतो. पंचांग चुकलं असं मात्र सांगू नका. ते समान भागांची निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने केलेली) मोजणी वापरतं, मोजपट्टीच वेगळी आहे.

"संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं" हे वाक्य मात्र सावलीने तपासून घ्या. सपाट जागी १ मीटरची काठी ओळंब्याने उभी करा. २१ डिसेंबरला सोलापुरात मध्यान्हाची सावली सुमारे ८७ सेंटीमीटर पडते; १४ जानेवारीला, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची धामधूम असताना, ८१. सहा सेंटीमीटर आधीच कमी झाले, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळून तीन आठवडे झाले. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो; या परांचन गतीमुळे संक्रांत आणि उत्तरायणाची सुरुवात यांत सुमारे ७२ वर्षांत १ अंशाचा फरक पडतो. साधारण १७०० वर्षांपूर्वी या दोन घटना एकाच वेळी येत होत्या.

ही मोजणी घड्याळातल्या १२ वाजता केली तर फसते. सोलापूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या ६.६ अंश पश्चिमेला आहे. २१ डिसेंबरला इथला मध्यान्ह १२.२४ च्या आसपास येतो, १४ जानेवारीला १२.३५ च्या. १२ ते १ दर पाच मिनिटांनी टोकावर खूण करा आणि सर्वांत आखूड सावली घ्या.

स्टेलॅरियम हे संगणकावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर दाखवणार असाल तर आधी ठिकाण सोलापूर निवडा आणि वातावरण बंद करा, नाहीतर दुपारच्या निळ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही. वेळ तीच ठेवून तारीख पुढे नेली की सूर्य जवळपास जागेवर राहतो आणि तारे पश्चिमेकडे घसरतात. मुलं "तारे हलले" म्हणतात. त्यांना एकच तारा धरायला सांगा आणि सूर्य त्याच्या कोणत्या बाजूला गेला, ते दर आठवड्याला वहीत लिहून घ्या.