बालवाडीत, नर्सरीत नोकरी करायचीय? सोलापुरात पगार किती अन् तो ठरतो कशावर

मे महिना लागला की माझ्या फोनवर एकाच टाईपचे मेसेज यायला लागतात. यंदा पहिला मेसेज माझ्या मावसबहिणीच्या पोरीचा. "मावशी, जुळे सोलापुरात एका नर्सरीत बोलवलंय, साडेसहा हजार म्हणालेत, जाऊ का?" मी तिला लगेच हो पण म्हणलं नाही अन् नाही पण म्हणलं नाही, म्हणलं आधी भिशीची वही घे, मागच्या पानावर हिशोब मांडू. तोच हिशोब इथं लिहितेय, कारण दरवर्षी चार पोरी हेच विचारतात आणि दरवर्षी मी तेच तेच टाईप करत बसते.

माझं थोडक्यात सांगते. पूर्व भागात अशोक चौकाजवळ एका घरगुती बालवाडीत सुरुवात केली, मग एका इंग्लिश मिडीयम शाळेच्या नर्सरीत पाच वर्षं काढली, आता घरीच पाळणाघर चालवते. म्हणजे पगार घेतलाय पण आणि आता दुसऱ्या ताईला देतेय पण, त्यामुळं दोन्हीकडचं दुखणं माहितीय.

पहिली गोष्ट, जी मला कळायला सात वर्षं लागली. या लाईनमध्ये पगार तुमच्या शिक्षणावर कमी आणि पैसा कुठून येतो त्यावर जास्त ठरतो. समजा घरगुती बालवाडीत ३० पोरं आहेत, फी महिना ४००. झाले १२ हजार. त्यातून खोलीचं भाडं, मदतीच्या मावशींचे पैसे, लाईट बिल, खडू, चटई, २६ जानेवारीचा खाऊ. राहतात पाच हजार. तिथं तुम्ही एम.ए. असला तरी आठ हजार कुठून देणार ती बाई? आणि ती फी तरी वेळेवर कुठं येते. पूर्व भागात आई घरात बसून विड्या वळत असते, हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात म्हणून पोरगं दोन-तीन तास आपल्याकडं. कारखान्यात माल कमी आला की पहिली आपली फी थांबते. त्या आयांवर चिडून काही होत नाही, मी चिडून बघितलंय.

आता दुसरीकडं या. समजा नवीन वस्तीतली रंगीबेरंगी नर्सरी, ६० पोरं, फी महिन्याला पडते २ हजार. १ लाख २० हजार झाले. भाडं, मोठ्या कंपनीचं नाव लावायचे पैसे, व्हॅन सगळं धरलं तरी चार टीचरना नऊ-दहा हजार देता येतात. देतात मात्र साडेसहा-सात, कारण तेवढ्यात येणाऱ्या पोरी रांगेत उभ्या असतात. फरक एवढाच, की इथं मागायला जागा आहे आणि तिथं नाही. म्हणून नोकरीला जायच्या आधी दोनच आकडे काढा, पोरं किती आणि फी किती. कुणाकडून तरी कळतंच, सोलापूर काही एवढं मोठं नाही.

माझ्या ओळखीतल्या बायकांना काय मिळतं ते सांगते. घरगुती बालवाडी तीन ते पाच हजार, छोटी इंग्लिश मिडीयम पाच ते आठ, मोठ्या शाळेचा स्वतःचा प्री-प्रायमरी असेल तर नऊ ते पंधरा, आणि पंधरावाल्या सगळ्या जुन्या आहेत, पहिल्याच वर्षी कुणी देत नाही.

आता वहीतला हिशोब. पोरं नऊ ते बारा असतात म्हणून तीन तासांची नोकरी वाटते. टीचरला सव्वाआठला बोलवतात, सोडतात सव्वादोनला, कारण पोरं गेल्यावर चार्ट कापायचे, डायरी लिहायची, उद्याचं क्राफ्ट करायचं. सहा तास झाले. २६ दिवसांचे १५६ तास, साडेसहा हजाराला भागा, तासाला साधारण ४२ रुपये. पुढं बघा, पगार १० महिन्यांचाच, एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत बंद. म्हणजे वर्षाचे ६५ हजार. रिक्षाचे जायचे २० यायचे २०, महिन्याला १०४० आणि १० महिन्यांचे १०,४००. उरले ५४,६००, त्याला बारानं भागलं तर महिन्याला ४५५०. गॅदरिंगची साडी आणि घरून नेलेला फेविकॉल मी धरलाच नाही अजून. पोरगी फोनवर गप्पच झाली.

म्हणून इंटरव्ह्यूत पगार किती हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी विचारायचं पगार किती महिन्यांचा, मे महिन्याचा देता का, शनिवारी किती वाजेपर्यंत, वर्गात पोरं किती आणि सोबत मदतीची मावशी आहे का. हा मावशीचा प्रश्न पोरी विचारतच नाहीत. तीन वर्षांच्या २५ पोरांत रोज दोन-तीन चड्ड्या ओल्या होतातच, मावशी नसेल तर एकाला बाथरूममध्ये धुवायचं आणि बाकीचे तोवर बाहेर काय करालेत ते देवाला माहीत. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या खाजगी प्ले स्कूलसाठीच्या गाईडलाईनमध्ये २० मुलांमागं एक टीचर आणि एक केअरगिव्हर असं सरळ लिहिलंय. तिकडं इंग्लंडमध्ये तर दोन वर्षांखालची पोरं असली की तिघांमागं एक बाई लागते, त्यामुळं तिथं नर्सरी चालवायच्या खर्चातला मोठा वाटा पगारातच जातो. आपल्याकडं एकीच्याच गळ्यात ३५ पोरं घालून तोच पैसा वाचवतात. म्हणजे तुमचे जे कमी पडतात ना पैसे, ते त्या न ठेवलेल्या मावशीच्या पगारासोबत कुठंतरी जमा होत असतात.

"अपेक्षा किती?" असं मॅडमनी विचारलं की "तुम्ही द्याल ते" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. आकडा सांगा, मनात असेल त्याच्यापेक्षा हजार-दीड हजार जास्त, आणि सांगून गप्प बसा. आपल्याला गप्प बसणंच जमत नाही, आपणच लगेच म्हणतो की थोडं कमी असलं तरी चालेल.

कशानं जास्त मिळतं? कोर्स. एनटीटी (नर्सरी टीचर ट्रेनिंग), मॉन्टेसरी, ईसीसीएड (लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाचा कोर्स) काहीतरी हातात पाहिजे, बारावीनंतर इग्नूचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा घरी बसून होतो. पण कोर्स ही गेटातून आत जायची चिठ्ठी समजा, नुसत्या सर्टिफिकेटवर हजार-पाचशेच्या वर फरक मी तरी बघितला नाही. इंग्लिश बोलता येण्याचा फरक पडतो, आवडो न आवडो. आणि एक गोष्ट आपल्या गावाची. पूर्व भागात निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट साईडची कन्नड. जूनच्या पहिल्या आठवड्यात दाराला धरून रडणाऱ्या पोराला "रडू नको" कळतच नाही. त्याला "एडवकु, अम्मा वस्तुंदी" म्हणलं की ते हुंदके देत का होईना पण मांडीवर येतं. मला एवढं एकच वाक्य येत होतं आणि त्यावर मी एक अख्खा जून काढलाय. तुम्हाला तेलुगू, कन्नड येत असेल तर बायोडाट्यात वर लिहा, तोंडानं पण सांगा, पोरं टिकतात त्यानं आणि पोरं टिकली की फी टिकते.

पगार वाढवून मागायचा तर जूनमध्ये मागू नका, तेव्हा सगळ्या नवीन पोरी दारात असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मागायचा, पुढच्या वर्षाचे ॲडमिशन चालू असतात आणि आया विचारतात की पुढच्या वर्षी पण ह्याच टीचर आहेत ना. तेव्हा महागाईचं रडगाणं गायचं नाही, आकडा ठेवायचा. मी असं म्हणलं होतं, "मॅडम, गेल्या वर्षी माझ्या वर्गात १५ होती, यंदा २२ आहेत, सात पोरांची १२०० नं ८४०० फी वाढली, मला दीड हजार वाढवा." मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हजार वाढवले.

आता पैशाचं वाईट सांगते. एका ठिकाणी मी रजिस्टरला नऊ हजारावर सही करत होते आणि पाकिटात सहा निघत होते. सगळ्याच करायच्या, मीपण केली, दोन वर्षं केली. नाव नाही सांगत, पण हे एकाच शाळेत होतं असं पण नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणा की पगार बँकेत टाका, नाहीच म्हणले तर निदान कळलं तरी की कुठं चाललोय.

पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) हे शब्द आले की पोरी म्हणतात आपल्याला कुठलं ते. असतं की. संस्थेत २० माणसं कामाला असली की पीएफ लागतो, आणि शाळेची नर्सरी असेल तर शिपाई, क्लार्क, वरच्या वर्गाच्या टीचर सगळे मोजायचे. १० हजार पगार असेल तर तुमचे १२०० कापतात आणि तेवढेच संस्थेनं घालायचे असतात. काही शहाणे दोन्ही १२०० तुमच्याच पगारातून काढतात, त्यामुळं पासबुक मोबाईलवर बघायचं आणि स्लिपशी जुळवायचं. ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी १० माणसांपासून, पगार २१ हजारापर्यंत, तुमचे फक्त पाऊण टक्का जातात आणि घरच्यांचा दवाखाना होतो. स्लिपवर व्यवसाय कर कापलेला दिसला तर विचारा, २०२३ च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारापर्यंत तो नाही.

ग्रॅच्युइटी पण, म्हणजे बरीच वर्षं काम करून नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम. टीचरला मिळते, २००९ ला कायदा बदलून १९९७ पासून लागू केलीय. शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १० हजारावर सात वर्षं केली तर ४० हजाराच्या थोडं वर. म्हणून तर काही जण नेमणुकीची ऑर्डर ११ महिन्यांचीच देतात आणि मे मध्ये ब्रेक दाखवतात, म्हणजे नोकरी सलग दिसू नये. जुन्या ऑर्डरी, हजेरीचे फोटो, गॅदरिंगच्या पत्रिकेवरचं तुमचं नाव, सगळं एका पिशवीत ठेवा. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा पण आहे, आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं पाहिजे. दुसऱ्यांची पोरं सांभाळणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात राजीनामा द्यायला लावतात, हे मी डोळ्यानं बघितलंय, जास्त लिहीत नाही, डोकं फिरतं.

अंगणवाडीचं वेगळं आहे. माझी धाकटी जाऊ गावाकडं मदतनीस आहे, ती म्हणते आमचा पगार नाही अक्का, मानधन. हा शब्दाचा खेळ नाही, मानधन म्हणलं की वेतनश्रेणी नाही, दरवर्षीची वाढ नाही, सरकारच्या मनात येईल तेव्हा. केंद्रानं २०१८ च्या ऑक्टोबरपासून सेविकेला ४५०० धरलेत, वरचं राज्य घालतं. आपल्याकडं २०२३ ला सेविका १० हजार आणि मदतनीस साडेपाच हजार झाले, मग ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस संप झाला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सेविका १३ हजार, मदतनीस साडेसात हजार. कामावरून प्रोत्साहन भत्ता वेगळा. म्हणजे सेविकेला आज बऱ्याच नर्सरीतल्या टीचरपेक्षा जास्त आहे, पण मोबाईलवर पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप भरा, वजनं घ्या, सर्वे करा, २०२४ ला तर लाडक्या बहिणींचे फॉर्म पण त्यांनीच भरले, त्या फॉर्मचे ५० रुपये जाहीर झाले अन् ते कधी येतात म्हणून वाट बघत बसल्या. सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या एप्रिलमध्ये अंगणवाडीच्या बायका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असं सांगितलं, ते पण भांडूनच.

जागा निघाली तर बारावी पास लागतं, वय १८ ते ३५, विधवा असेल तर ४० पर्यंत, आणि तिथलीच रहिवासी पाहिजे. लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेलात की विषय संपला. कुणी म्हणलं अमुक पैसे द्या, काम करून देतो, तर उठून घरी या. मार्कांवर यादी लागते.

पाळणाघराचं एवढंच सांगते की माझ्याकडं आठ पोरं आहेत, प्रत्येकी २५००, म्हणजे २० हजार. ताईला सात देते, दूध, गॅस, लाईट जाऊन मला नऊ-दहा राहतात, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा घरातून हलता येत नाही, गड्ड्याच्या यात्रेला पण रात्रीच. दोन वर्षांखालचं बाळ असेल तर मी ५०० जास्त घेते, आया कुरकुर करतात, पण त्या बाळाला हातातून खाली ठेवता येत नाही म्हणून एक माणूस त्याच्यातच जातं.

तर मावसबहिणीची पोरगी. ती वही घेऊनच गेली इंटरव्ह्यूला. साडेसहाचे आठ मागितले, मॅडम म्हणाल्या पहिलं वर्ष आहे, एक रुपया वाढणार नाही. मग तिनं बाकीचं विचारलं. मे महिन्याचा अर्धा पगार देऊ म्हणाल्या, आणि शाळेची व्हॅन तिच्या घरावरूनच जाते तर त्यात व्हॅनवाल्या मावशीशेजारी बसून येणंजाणं फुकट. रात्री तिचा मेसेज आला, "मावशी पगार तेवढाच राहिला पण हिशोब केला, ४५५० चे ५६८७ झाले." सोमवारपासून जॉईन होतीय. मदतीची मावशी आहे का वर्गात, ते मात्र विचारायचं विसरली.