गोव्याच्या बाइक मेळाव्याची आखणी परतीपासून करावी

मुंबईहून गोव्यातल्या मोठ्या बाइक मेळाव्याला जायचे ठरले की बहुतेक जण निघण्याचा दिवस आधी पक्का करतात आणि परतीचे तिकडे गेल्यावर पाहू, असे म्हणतात. माझा आग्रह नेमका उलटा आहे. जाताना अंगात उत्साह असतो आणि गाडी नुकतीच तपासलेली असते. येताना मात्र दोन रात्रींची अपुरी झोप घेऊन तेच पाचशे-साडेपाचशे किलोमीटरहून अधिक अंतर कापायचे असते. म्हणून दोन दिवसांची रजा मिळणार असेल, तर त्यातला एक दिवस सोमवार असू द्यावा.

तारीख आणि जागा जाहीर झाल्याशिवाय खोली आरक्षित करू नये. 2013 साली गोव्यातल्या वागातोरला सुरू झालेला इंडिया बाइक वीक हा मेळावा 2021 मध्ये लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीत भरला होता. रॉयल एनफिल्डच्या ‘रायडर मेनिया’ या मेळाव्याचे नाव 2023 पासून ‘मोटोव्हर्स’ झाले आहे, त्यामुळे जुन्या नावाने माहिती शोधणाऱ्यांची गफलत होऊ शकते.

मुंबईतून बाहेर पडताना अटल सेतू, पूर्व मुक्त मार्ग आणि पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद आहेत, हे नकाशातल्या ॲपला सांगून ठेवावे लागते. शीव-पनवेल रस्त्याने पनवेल गाठल्यावर दोन वाटा फुटतात. पहिली राष्ट्रीय महामार्ग 66 ची: पेण, माणगाव, महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी. दुसरी जुन्या रस्त्याने खंडाळा चढून पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी आणि मग आजरा-आंबोलीवरून सावंतवाडीत उतरणारी. घाटमाथ्याची वाट लांबची असली, तरी तिचा बराचसा भाग रुंद रस्त्याचा आहे. कोकणच्या वाटेवर चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले आहे, आणि अचानक लागणारे वळण-रस्ते अंधारात फार धोक्याचे ठरतात. तरीही मी कोकणचीच वाट निवडतो, पण उजेडी. डिसेंबरमध्ये सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हातात अकरा तास उरतात, आणि त्यातून जेवण, चहा, पेट्रोल वजा केले तर एका दिवसात वागातोर गाठण्याचा हट्ट सोडावा लागतो. पहाटे साडेपाचला निघून जाताना हातखंबा-लांजा परिसरात, आणि रविवारी सकाळी परत निघून चिपळूणला मुक्काम करावा. सोमवारी दुपारी माणूस ताजातवाना घरी पोहोचतो.

सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करू नये. आठवडाभर आधी करून नंतर शंभरेक किलोमीटर गाडी चालवली, म्हणजे सैल राहिलेला नट किंवा चुकीचा ताण दिलेली चेन शहरातच लक्षात येते. एकदा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी घाईने गाडी गॅरेजातून आणली आणि पेणच्या पुढे क्लच केबल तुटली. तेव्हापासून जादा केबल सीटखाली असतेच. ब्रेक पॅड आणि टायरची नक्षी पाहावी. स्पोकच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, त्यामुळे ट्यूबलेस टायरचे पंक्चर किट तिथे निरुपयोगी ठरते. अशा गाडीसाठी जादा ट्यूब आणि चाक काढण्याचे पाने हवेत. हेल्मेट आयएसआय खुणेचे असावे, मागे बसणाऱ्याचेही. गाडीची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये चालतात, मात्र पीयूसी आणि विमा यांची मुदत परतीच्या तारखेपर्यंत आहे ना, ते पाहावे.

गट पाच-सहा गाड्यांचा पुरे. सर्वांत अनुभवी रायडर पुढे ठेवण्याची पद्धत आहे, पण तितकाच भरवशाचा माणूस शेवटीही हवा, कारण अडचणीत पडलेली गाडी त्यालाच दिसते. रस्ता बदलतो त्या फाट्यावर प्रत्येकाने मागची गाडी दिसेपर्यंत थांबावे.

ज्यांना फक्त जातानाच गाडी चालवणे जमते, त्यांनी परतीला ती मडगावहून रेल्वेच्या पार्सलने पाठवावी. त्यासाठी पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि नोंदणीपत्राची प्रत लागते. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

मेळाव्यात शेवटची रात्र रंगते, आणि तीच सर्वांत जपण्याची. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे, आणि उशिरापर्यंत घेतलेली दारू सकाळीही रक्तात उरते. त्या रात्री न पिणे उत्तम. सकाळी डोळे जड असतील, तर दुपारपर्यंत झोपून निघावे, चिपळूणऐवजी कुडाळलाच मुक्काम करावा आणि तसे घरी कळवावे.