जुन्या डेस्कटॉपमध्ये ड्युअल कोर प्रोसेसर टाकावा का? पैसे मोजण्याआधी हे तपासा

पेंटियम ४ किंवा सेलेरॉन डी असलेली मशिन्स आजही कामावर आहेत. कुठे पेजमेकर आणि श्री-लिपीवर डीटीपीचं काम चालतं, कुठे पॅरलल पोर्टला सॉफ्टवेअर उघडणारं डोंगल लावलेलं असतं, कुठे विंडोज एक्सपी सोडून कशावरच न चालणारा कटर असतो. अशा मशीनच्या मालकाला सल्ला एकच मिळतो: "ड्युअल कोर टाका, दुप्पट पळेल." ड्युअल कोअर म्हणजे एकाच प्रोसेसरमध्ये काम करणारे दोन गाभे (कोअर). पण मशीन त्यामुळे दुप्पट पळत नाही. काही मशिन्सना त्याचा भरपूर फायदा होतो, काहींना शून्य, आणि काही मशिन्सवर तो प्रोसेसर सुरूच होत नाही. आपलं मशीन यातलं कोणतं, हे प्रोसेसर विकत घेण्याआधी घरबसल्या कळू शकतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. इंटरनेटसाठी, यूपीआयसाठी किंवा सरकारी पोर्टलवरचे फॉर्म भरण्यासाठी हे मशीन हवं असेल, तर यात एक रुपयाही घालू नका. क्रोमने एक्सपीची साथ २०१६ मध्ये सोडली, विंडोज ७ ची २०२३ मध्ये. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोअर २ (पेंटियम ४ नंतरच्या) पिढीच्या प्रोसेसरवर बूटच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना (इन्स्ट्रक्शन्स) त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. त्या कामांसाठी एसएसडी असलेलं जुनं आय-३ किंवा आय-५ मशीन घ्या. पुढचं सगळं आहे ते जुन्या सॉफ्टवेअरसाठी जपून ठेवलेल्या मशीनबद्दल.

आधी बघा, प्रोसेसर खरंच कमी पडतोय का

रोजचं काम सुरू करा, मशीन अडकलं की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा आणि प्रोसेसच्या यादीत सिस्टम आयडल प्रोसेसपुढचा आकडा बघा. तो ८०-९० असेल तर प्रोसेसर रिकामा बसलाय आणि वाट दुसऱ्याच कशाची तरी आहे. परफॉर्मन्सच्या पानावर कमिट चार्जचा (मागितलेल्या एकूण मेमरीचा) पीक आणि फिजिकल मेमरीचा टोटल हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. पीक मोठा असेल तर रॅम कमी पडतेय आणि रॅममध्ये न मावणारा डेटा मशीन हार्ड डिस्कवर ठेवत-आणत बसतंय. रॅम वाढवा, विषय संपला. टॅलीचा डेटा दुसऱ्या मशीनवर असेल तर वाट बहुधा नेटवर्कची आणि तिथल्या डिस्कची असते. इथला प्रोसेसर बदलून त्यात काही फरक पडणार नाही.

सिस्टम आयडल प्रोसेसचा आकडा शून्याजवळ असेल, म्हणजे प्रोसेसर भरलेला दिसत असेल, तरी लगेच बाजारात धावू नका. दोन गोष्टी खोटा भार दाखवतात. पहिली, एक्सपीमधला पीआयओ मोड, म्हणजे डिस्कवरचा डेटा प्रोसेसरने स्वतः उचलून नेण्याची जुनी, संथ पद्धत. डिस्कच्या वाचनात वारंवार चुका झाल्या की एक्सपी त्या आयडीई चॅनेलला गुपचूप पीआयओवर टाकतं. मग फाइलची साधी कॉपी केली तरी प्रोसेसर गुदमरतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनेलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'करंट ट्रान्सफर मोड' बघा. तिथे अल्ट्रा डीएमए हवं. पीआयओ दिसलं तर तो चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा, आणि केबल व डिस्कवरही संशय घ्या. दुसरी गोष्ट, धूळ. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला आणि प्रोसेसरवरची पेस्ट सुकली की पेंटियम ४ स्वतःला वाचवण्यासाठी वेग खाली आणतो. साफ करून नवी पेस्ट लावली की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

एवढं करूनही प्रोसेसर भरतोच, तर तो एका कामाने भरतो की दोन कामांनी, ते बघा. एका पोळपाटावर एकच पोळी लाटली जाते. शेजारी दुसरा माणूस उभा केला म्हणून ती लवकर होत नाही. पेजमेकर, जुनं कोरल, टॅली ही बहुतांशी एकाच कोअरवर चालणारी सॉफ्टवेअर्स आहेत. दुसरा कोअर उपयोगी पडतो तो डिस्टिलरमध्ये पीडीएफ बनत असताना तुम्ही कोरलमध्ये पुढचं पान लावत असाल किंवा मागे अँटिव्हायरस स्कॅन करत असेल तेव्हा. काम वाटून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हिशोब सरळ दुपटीचा नसतो. दहा मिनिटांच्या कामातलं अर्धंच वाटता येत असेल, तर दोन कोअरवर ते साडेसात मिनिटांत होतं, पाचात नाही.

मग एकट्या पेजमेकरसाठी बदल फुकट आहे का? नाही, पण फायदा होतो तो दुसऱ्या कोअरमुळे नाही. पेंटियम ४ ची रचनाच प्रत्येक हर्ट्झमागे कमी काम करणारी होती. २.५ गिगाहर्ट्झचा पेंटियम ई५२०० एका कोअरवरही ३ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागे टाकतो. त्यामुळे गिगाहर्ट्झचे आकडे समोरासमोर ठेवून "वेग कमी होतोय" असं म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. आणि पेंटियम डी घ्यायला सांगणाऱ्याकडे तर अजिबातच देऊ नका. २००५ चा पेंटियम डी नावाला ड्युअल कोअर आहे. आत पेंटियम ४ चेच दोन कोअर शेजारी बसवलेत, त्यामुळे एकट्या कामाला वेग येत नाही, आणि उष्णतेचा आकडा मात्र ९५ ते १३० वॅट. तुमचा बोर्ड फक्त पेंटियम डीपर्यंतच जात असेल, तर बदल करू नका.

टास्क मॅनेजरमध्ये दोन आलेख दिसले म्हणून आपल्याकडे ड्युअल कोअर आधीच आहे असं समजू नका. हायपर-थ्रेडिंगचा पेंटियम ४ एका कोअरचे दोन आलेख दाखवतो. सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. खाली कोअर्सपुढे १ आणि थ्रेड्सपुढे २ असेल तर कोअर एकच. अशा मशीनवर एकच सॉफ्टवेअर पूर्ण ताकदीने चालत असेल तर वापर सुमारे ५० टक्के दिसतो आणि माणूस फसतो. ते ५० म्हणजे प्रोसेसर अर्धा मोकळा आहे असं नव्हे.

मदरबोर्ड: इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात

"सॉकेट ७७५ आहे ना, मग बसतंय" हे वाक्य दुकानात ऐकाल. बसतं हे खरं आहे. एलजीए ७७५ हे सॉकेट २००४ पासून पेंटियम ४, पेंटियम डी, कोअर २ ड्युओ आणि कोअर २ क्वाड अशा सगळ्यांना पुरलं. प्रोसेसर बसतो, लिव्हर लागते, पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते. बसणं आणि चालणं यांच्यामध्ये चार अटी आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात. तीन झाल्या म्हणजे चालेल, असं नाही.

पहिली अट चिपसेटची, म्हणजे प्रोसेसरला रॅम आणि बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपची. सीपीयू-झेडच्या मेनबोर्ड पानावर बोर्डाचं मॉडेल, चिपसेट आणि बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती एकत्र दिसते. कॅबिनेट उघडून बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजनही टिपून ठेवा. सॉकेट ४७८ असेल तर इथेच थांबा. ९१५ आणि ९२५ चिपसेटला ड्युअल कोअर चालत नाही, इथेही थांबा. ९६५, जी३१, जी३३, जी४१ असेल तर काळजी जवळजवळ मिटली. सगळा घोळ ९४५ मध्ये आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या मशिन्समध्ये ९४५ वाले बोर्ड भरपूर आहेत.

दुसरी अट व्होल्टेजची. ही सर्वात कमी लोकांना माहीत असते आणि सर्वात जास्त नुकसान हीच करते. कोअर २ पिढीला व्होल्टेज देणारं सर्किट व्हीआरडी ११ या नियमाप्रमाणे बनलेलं लागतं. सुरुवातीचे ९४५ बोर्ड त्याआधीच्या नियमाने बनले. त्यांच्यावर पेंटियम डी चालतो, कोअर २ चालत नाही. हा फरक हार्डवेअरचा आहे, तो बायोस बदलून भरून निघत नाही. "नवा बायोस टाका, चालेल" असं सांगणारे नेमकं हेच विसरतात. त्यातून एकाच मॉडेलच्या जुन्या आणि नव्या रिव्हिजनमध्येही हा फरक असू शकतो, म्हणून रिव्हिजन टिपायला सांगितलं. इंटेलच्या स्वतःच्या बोर्डावर बारकोडच्या पांढऱ्या स्टिकरवर 'एए'ने सुरू होणारा नंबर असतो. त्यातले शेवटचे आकडे म्हणजे रिव्हिजन. सपोर्टच्या यादीत "या नंबरपासून पुढचे बोर्ड" असं लिहिलेलं असेल तर त्या आकड्याशी ताडून बघा, नुसत्या मॉडेलवर जाऊ नका.

तिसरी अट फ्रंट साइड बसची, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातल्या रस्त्याच्या वेगाची. ९४५जीसी चिपसेट अधिकृतपणे ८०० मेगाहर्ट्झपर्यंतच जातो. ई८४०० ला १३३३ लागतो, ई७४०० ला १०६६. नाव मोठं म्हणून ते घेऊ नका. ८०० वर चालणाऱ्या ई२०००, ई४००० आणि ई५००० मालिकांमधलेच बघा.

चौथी अट बायोसची. ई५२०० सारखे ४५ नॅनोमीटर तंत्राने बनलेले प्रोसेसर २००८ मध्ये आले. त्याआधीचा बायोस त्यांना ओळखतच नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यादीत प्रोसेसरच्या नावापुढे "या बायोसपासून" असा रकाना असतो, स्टेपिंगही (त्याच प्रोसेसरची उप-आवृत्ती) दिलेलं असतं. ई५२०० एम० आणि आर० अशा दोन स्टेपिंगमध्ये मिळतो. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरचा 'एसएल'ने सुरू होणारा पाच अक्षरी कोड बघून त्यातलं कोणतं आहे ते ठरतं. दुकानदाराकडून त्या झाकणाचा फोटो मागवा. दुकान लॅमिंग्टन रोडवर असो की तपकीर गल्लीत, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला कोणी नाही म्हणत नाही, आणि म्हणत असेल तर दुसरं दुकान बघा.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करायचं. हा क्रम चुकवू नका. नवा बसवल्यावर स्क्रीनच आली नाही तर अपडेट करणार कशातून? अपडेट विंडोजमधून करू नका, बायोसमध्येच दिलेल्या क्यू-फ्लॅश किंवा ईझेड फ्लॅशसारख्या सोयीतून करा. मशीन यूपीएसवर हवं, आणि त्या यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते का हे आधी प्लग काढून बघा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होतो. इंटेलने २०१९ मध्ये आपल्या जुन्या बोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर साइटवरून काढून टाकले, त्यामुळे त्यांच्या फाइल्स इंटरनेट अर्काइव्हवर शोधाव्या लागतात. मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर जुळत नसेल तर ती फाइल वापरू नका. "जवळपास सारखाच बोर्ड" असा प्रकार बायोसमध्ये नसतो.

यादीत तुमचा प्रोसेसर, तुमची रिव्हिजन आणि बायोस हे तिन्ही सापडले तरच पुढे जा. एखाद्या फोरमवर कोणाचं चाललं म्हणून तुमचं चालेल असं धरू नका.

हात लावलाच आहे तर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटरही (छोटे उभे डबे) बघून घ्या. वरची बाजू सपाट हवी. फुगलेली दिसली किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर त्या बोर्डात पैसे घालू नका, तो आज ना उद्या जाणारच आहे.

एएमडीचं एएम२ सॉकेट असेल तर सेम्प्रॉन काढून अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ टाकणं त्यामानाने सोपं. तिथे फक्त बायोस आणि बोर्डाची वॅटची मर्यादा बघा आणि शक्यतो ६५ वॅटचाच घ्या.

कोणता घ्यायचा, किती खर्च करायचा

९४५जीसी बोर्डाने ४५ नॅनोमीटर घेतला तर ई५२०० ते ई५४०० मधला मिळेल तो घ्या. नाही घेतला तर ई४००० मालिका, आणि तीही नाही मिळाली तर ई२२००. सगळे ६५ वॅटचे आहेत, ८४ वॅटच्या पेंटियम ४ पेक्षा थंड. जुन्या बाजारात हे प्रोसेसर काही शे रुपयांत मिळतात. प्रोसेसरसोबत बोर्डही बदलायची वेळ आली, तर तो हिशोब कधीच परवडत नाही. तेवढ्या पैशात थोडी भर घालून पॅरलल पोर्ट असलेलं पुढच्या पिढीचं अख्खं मशीन शोधा. रॅमची कमाल मर्यादाही ध्यानात ठेवा: ९४५जीसीवर २ जीबी. कमिट चार्जच्या पीकचा आकडा त्याच्या पुढे जात असेल तर ड्युअल कोअर तुमचा प्रश्न सोडवणार नाही.

बसवताना

७७५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर सरळ खाली ठेवा, सरकवू नका, एक पिन वाकली तरी बोर्ड गेला. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि बोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का बघा. सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या जुन्या सेटिंग्ज पुसून टाका.

एक्सपी सुरू झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम्प्युटरखाली काय लिहिलंय ते बघा. एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी हवं. स्टँडर्ड पीसी दिसत असेल तर दुसरा कोअर झोपलेलाच राहणार आणि एक्सपी पुन्हा टाकावं लागणार. एक्सपी होम असलं तरी काळजी नको, मायक्रोसॉफ्टचं लायसन्स सॉकेट मोजतं, कोअर नाही.

मग आधी ज्या कामाने प्रोसेसर भरत होता तेच काम, त्याच फाइलवर, घड्याळ लावून करा. त्याच वेळी तापमानही बघा. पूर्ण भारावर ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे चढत राहिलं तर कूलरची एखादी खुंटी नीट लागलेली नाही. मशीन बंद करून चारही पुन्हा काढा आणि बसवा. जुना प्रोसेसर लगेच विकू नका. नव्याने महिनाभरात त्रास दिला, तर बोर्ड खराब की प्रोसेसर हे त्याच्यामुळेच कळेल.